आठ नंबरची सुई कुणाची?

दिवाळी आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तोरणं आणि क्रोशाचे रुमाल मागे पडतात, बाळाचे स्वेटर सुरू होतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. जाकिटाचा पॅटर्न इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेला आहे आणि गाडी पहिल्या दोन-तीन इंचांतच अडली आहे. म्हणून या वेळची सगळी जागा बाळाच्या जाकिटाला. शालीबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणींनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

‘मुलगी न्यू जर्सीत असते. जूनमध्ये बाळ येईल, म्हणजे तिकडे थंडी पडेल तेव्हा ते सहा महिन्यांचं असेल. त्या मापाचं जाकीट घेतलं. पॅटर्न मुलीनेच पाठवला, एका अमेरिकन लोकर कंपनीचा, फुकट. त्यात आठ नंबरच्या सुया लिहिल्यात, मी घरातल्या आठ नंबरच्याच घेतल्या. पाठीला ४३ टाके सांगितलेत आणि पाठ साडेनऊ इंच होईल असं लिहिलंय. माझी आठसुद्धा होत नाही. दोनदा उसवलं. इतकी वर्षं विणतेय, माझा हात एवढा घट्ट कधीच नव्हता. पॅटर्नच चुकलाय का? लोकरीचा तुकडा आणि पॅटर्नची प्रत सोबत पाठवते.’ — एक आजी, चिंचवड

आजी, तुमचा हात घट्ट नाही आणि पॅटर्नही बरोबर आहे. घोळ त्या आठाच्या आकड्याचा आहे.

आपल्याकडच्या सुयांवर जो नंबर असतो तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा. तारेच्या जाडीच्या मापावरून आलेला, म्हणून नंबर चढला की सुई बारीक होत जाते. आपली ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत सगळं उलटं. तिथे नंबर चढला की सुई जाड. त्यांची ३ नंबर सव्वातीन मिमीची, ६ नंबर ४ मिमीची आणि ८ नंबर ५ मिमीची. म्हणजे त्यांची आठ ती आपली सहा, आणि आपली आठ ती त्यांची सहा. दोन्हीकडे नंबर आणि जाडी जुळते ती एकट्या सात नंबरची, साडेचार मिमी. त्यामुळे कुठलाही परदेशी पॅटर्न हातात घेतला की नंबर वाचूच नका, शेजारी मिमीचा आकडा असतो तो वाचा. पॅटर्नमध्ये बहुधा कंसात दिलेला असतो. सुयांच्या बाजूने अडचण अशी की घरातल्या जुन्या सुयांवर नुसता नंबर असतो, तोही झिजलेला. सुया मोजायची भोकंवाली पट्टी लोकरीच्या दुकानात मिळते. ती घेऊन ठेवा, आयुष्यभर पुरते.

आता लोकर. तुम्ही तुकडा पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर मी तुम्हाला सहा नंबरच्या सुया घ्या असं सांगून मोकळी झाले असते आणि तुमचं जाकीट चाळणीसारखं झालं असतं. तुमची लोकर डबल निटिंगची आहे, दुकानदार ज्याला डीके म्हणतात ती. पॅटर्नला हवी आहे वर्स्टेड, म्हणजे एक पायरी जाड. अमेरिकन लेबलवर लोकरीच्या गुंड्याचं छोटं चित्र असतं आणि त्यात एक आकडा. वर्स्टेडचा आकडा ४, तुमच्या लोकरीचा ३. इथे आणखी एक खड्डा आहे. हा ४ म्हणजे आपली फोर प्लाय नव्हे. फोर प्लाय चांगलीच बारीक, त्यांच्या हिशेबात ती १ मध्ये बसते. ‘चार नंबरची लोकर’ म्हणून दुकानात मागितलीत तर फोर प्लाय हातात पडायची दाट शक्यता आहे, आणि त्यात दुकानदाराची काही चूक नसेल.

आता हिशेब. पॅटर्न म्हणतो ४ इंचांत १८ टाके, म्हणजे इंचाला साडेचार. ४३ भागिले साडेचार, साडेनऊ इंच. तुमच्या ४ मिमी सुया आणि डीके लोकर यांची जोडी मात्र अगदी शास्त्रशुद्ध आहे. या जोडीवर साधारण ४ इंचांत २२ टाके बसतात, म्हणजे इंचाला साडेपाच. ४३ भागिले साडेपाच, पावणेआठ इंच. ‘आठसुद्धा होत नाही’ असं तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत बरोबर आहे. हे असंच पूर्ण केलं असतंत तर जाकिटाचा घेर साडेपंधरा इंच झाला असता. तीन महिन्यांच्या बाळाची छातीच १६ इंच धरतात.

उपाय दोन आहेत. नवी जाड लोकर आणि ५ मिमीच्या सुया आणणं हा सरळ उपाय. पण तुमची लोकर मऊ आहे, रंग सुरेख आहे आणि मुळात बाळाच्या अंगाला मला डीकेच जास्त पसंत आहे. वर्स्टेडचं जाकीट घातलं की बाळाचे हात अंगापासून लांब उभे राहतात. म्हणून मी दुसरा उपाय सांगते. टाके मोठ्या मापाचे घ्या आणि लांबी सहा महिन्यांची ठेवा. तुमच्या पॅटर्नमध्ये दोन वर्षांच्या मापाला पाठीचे ५० टाके आहेत. त्यात २ मिळवा. ५२ भागिले साडेपाच, जवळजवळ साडेनऊ. ही पाठ सरळ चौकोनी आहे, काखेला घट नाही, म्हणजे टाके कमी करायचे नाहीत, त्यामुळे दोन टाके कुठेही न खुपता खपून जातात. पुढच्या दोन्ही भागांत दोन वर्षांच्या आकड्यावर एकेक टाका जास्त. घेर १९ इंच होईल. सहा महिन्यांच्या बाळाची छाती १७ धरतात, वर दोन इंच ऐसपैस. आत झबलं असतंच.

उंची मात्र टेप लावून सहा महिन्यांच्या आकड्याप्रमाणे. पॅटर्न ‘अमुक इंच होईपर्यंत विणा’ म्हणतो तिथे काहीच अडचण नाही. ‘अमुक ओळी विणा’ म्हणेल तिथे सावध, कारण तुमच्या ओळीही त्यांच्यापेक्षा बुटक्या आहेत. ओळींचे इंच करून घ्या आणि इंचांवर विणा. बाहीलाही तेच. टाके दोन वर्षांचे, लांबी सहा महिन्यांची, म्हणजे काखेपासून साडेसहा इंच. दोन वर्षांची लांबी चुकून घेतलीत तर बाळाला बाहीतून हात सापडायचा नाही.

आणि आजी, हे सगळं करण्याआधी ३० टाक्यांचा, पाचेक इंच उंचीचा एक चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या चार इंचांतले टाके मोजा. मी साडेपाच म्हणते ते पुस्तकी माप आहे. तुमच्या हाताचं तुम्हीच मोजायचं. लोकर दीडशे ग्रॅम लागेल असं धरा आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना ते लेबलवर पाहा. न्यू जर्सीला जाताना सुया चेक-इनच्या बॅगेत टाका. विमानात विणायचा मोह होतो, पण सुरक्षा तपासणीत सुया काढून घेतल्या तर अर्धं जाकीट सुईवरून उतरवायचं कसं?

‘मी शाळेत इंग्रजी शिकवते. पण हे पॅटर्नचं इंग्रजी मला लागत नाही. एक ओळ नमुन्याला पाठवते : “के३, *के२टॉग, वायओ, के१; रिपीट फ्रॉम * टू लास्ट ३ एसटीएस, के३.” शिवाय प्रत्येक ठिकाणी एक आकडा आणि कंसात तीन आकडे असतात. कुठला धरायचा?’ — एक शिक्षिका, कराड

बाई, याला इंग्रजी समजून वाचायचंच नाही. गणिताची पायरी समजून वाचा, पाच मिनिटांत लागेल. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट. के२टॉग म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. वायओ म्हणजे सुईवर नुसता धागा घ्यायचा, त्याचं भोक पडतं. एसटीएस म्हणजे टाके. फुलीपासून अर्धविरामापर्यंतचं परतपरत करायचं. तुमची ओळ मराठीत अशी : ३ सुलट, मग (२ एकत्र, धागा, १ सुलट) हे परतपरत, शेवटचे ३ टाके उरेपर्यंत, मग ३ सुलट. एक टाका घटला, एक वाढला, संख्या तीच राहिली. दोन्ही टोकांचे सहा टाके सोडून उरलेले तिनाच्या पाढ्यात बसले पाहिजेत. ४५ टाक्यांवर ही ओळ बसते, ४३ वर बसणार नाही. नक्षी सरकतेय असं वाटलं की आधी सुईवरचे टाके मोजायचे.

कंसाबाहेरचा आकडा सगळ्यात लहान मापाचा आणि कंसातले चढत्या क्रमाने पुढच्या मापांचे. पॅटर्न छापून घ्या, आपलं माप ठरवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या मापाच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल पेनाने गोल करा. हे सुया हातात घेण्याआधी एका बैठकीत करायचं. विणता विणता आकडा शोधायला गेलं की डोळा शेजारच्या आकड्यावर जातो, आणि एक बाही सहा महिन्यांची, दुसरी वर्षाची होते.

त्याहून उत्तम म्हणजे अख्खा पॅटर्न मराठीत उतरवून काढणं. मी डोंबिवलीहून व्हीटीला लोकलने जायची तेव्हा लेडीज डब्यात विणत असे. तिथे घडीचा कागद उघडायला जागा नसते, म्हणून तळहाताएवढ्या डायरीत एका पानावर एक भाग असा पॅटर्न लिहून न्यायची. ठाण्याला गर्दी चढायच्या आत ओळ संपवायची. लिहिताना सगळ्या शंका आधीच निघतात. विशेषतः दोन ठिकाणी. एक, ‘ॲट द सेम टाइम’. हे शब्द बऱ्याचदा परिच्छेदाच्या शेवटी येतात आणि तोवर आपण काखेची घट करत चार इंच वर गेलेलो असतो. मग कळतं की गळ्याची घटही त्याच वेळी सुरू करायची होती. डायरीत दोन्ही घटी शेजारीशेजारी लिहा, ओळींचे नंबर टाकून. दुसरं, ‘डाव्या भागासारखाच उजवा, आकार उलटवून’. हे लिहिणाऱ्याचा कागद वाचतो आणि आपलं डोकं पिकतं. उजवा भाग स्वतः पूर्ण लिहून काढा. डाव्या भागात ओळीच्या सुरुवातीला जे केलं ते उजव्यात ओळीच्या शेवटी. आणि घट दिसणारी असेल तर तिचा कलही बदलतो. दोन टाके एकत्र सुलट विणले की घट उजवीकडे झुकते. डावीकडे झुकवायची तर दोन टाके एकेक करून न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, मग दोन्ही मागच्या बाजूने एकत्र विणायचे. पॅटर्नमध्ये ‘एसएसके’ लिहिलेलं असतं ते हेच.

पॅटर्न कुठल्या देशातला ते कळायलाही एक युक्ती आहे. टाक्यांच्या मापाला ‘टेन्शन’ म्हटलं असेल तर लिहिणारी ब्रिटिश वळणाची, ‘गेज’ म्हटलं असेल तर अमेरिकन. वर चिंचवडच्या आजींना सांगितलेल्या सुयांच्या घोळात हे कामी येतं.

‘नातवाचं पहिलं बोरन्हाण आहे. काळं जाकीट विणायचं ठरवलंय. उतरवलेला पॅटर्न पांढऱ्या जाळीदार जाकिटाचा आहे. तोच काळ्या लोकरीत केला तर चालेल ना?’ — ठाणे

चालेल कसं, ताई? हलव्याचे दागिने घालणार ना त्याच्यावर? हलव्याला काटा असतो आणि काटा चांगला आला म्हणून आपण मिरवतो. तो काटा जाळीच्या भोकात अडकतो. बाळाने हार ओढला की जाकिटाचा धागा बाहेर आणि हलवा बाळाच्या तोंडात. वर साखर लोकरीत चिकटून बसते ती वेगळीच. बोरन्हाणाच्या कपड्याला वीण सपाट हवी, एक ओळ सुलट, एक उलट. जाळी नको, उठाव नको.

दुसरं, ठाण्यात जानेवारीच्या दुपारी जाकीट कोणाला सोसणार? बिनबाह्यांची बंडी करा. काळ्या सुती धाग्यात केलीत तर आणखी बरं. हा पॅटर्न बाजूला ठेवला तरी चालेल. बंडी म्हणजे दोन चौकोन, गळ्याला खाच आणि खांद्याला दोन बटणं. काळ्यावर पांढरे ठिपके हवेत तर विणून झाल्यावर पांढऱ्या धाग्याने टाक्यावर टाका भरा, चंद्रकळेसारखे दिसतील. मणी किंवा टिकल्या नकोत.

काळं विणताना टाके दिसत नाहीत ही तक्रार सगळ्यांची असते. मांडीवर पांढरा टॉवेल पसरा आणि दिवसाउजेडी विणा. धाग्याचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग जात असेल तर बाळ ते कपडे चोखणार आहे हे लक्षात घेऊन दुसरा धागा आणा.

‘पॅटर्नच्या चित्रात गळ्याला सॅटिनची रिबीन ओवलेली आहे, फार गोड दिसते. सूनबाई नको म्हणते. तिचं ऐकायचं का?’ — रत्नागिरी

ऐकायचं. या वेळी सूनबाईंचंच बरोबर आहे.

बाळाच्या गळ्याशी ओढली जाईल अशी कुठलीही वस्तू नको. युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी ईएन १४६८२ हे मानक आहे. त्यात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी-दोरी ठेवायला मनाई आहे. रिबीन पाळण्याच्या दांडीत अडकते, मोठ्या भावंडाच्या हातात सापडते. जुन्या पॅटर्नमध्ये ती सर्रास असते, कारण ते लिहिले तेव्हा एवढा विचार होत नव्हता. इंटरनेटवरचे बरेच फुकट पॅटर्न म्हणजे जुनी पत्रकंच आहेत. रिबिनीच्या जागी गळ्याला एक बटण लावा. चित्रातली भोकांची ओळ गाळा आणि तिच्या जागी साधी सुलट ओळ विणा. टाक्यांच्या संख्येत फरक पडत नाही.

बटणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. ‘मोठं बटण लावा म्हणजे बाळ गिळणार नाही’ असा सल्ला सगळ्या मावश्या देतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तू तपासायला जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. त्यात जे मावतं ते धोक्याचं. जाकिटाला शोभेल असं कुठलंही बटण त्यात आरामात मावतं. तेव्हा आकारावर विसंबू नका, शिवण पक्की करा. लोकरीने बटण शिवू नका, ती झिजते. दुहेरी सुती दोरा घ्या, आतल्या बाजूला एक छोटं चपटं बटण धरून दोन्ही एकत्र शिवा म्हणजे वीण फाटून बटण निघणार नाही. आणि दर धुण्यानंतर ओढून बघा.

आतली बाजूही तपासा. रंगीत नक्षीत मागून लांब धागे जातात, त्यात बाळाची बोटं अडकतात. एखादा बारीक धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ नुसतं रडत राहतं, कारण कळत नाही. तान्ह्यासाठी दोन रंगांची नक्षी नकोच, आडवे पट्टे घाला. धाग्यांची टोकं शिवणीत नीट मुरवा. घरात झोपवताना लोकरीची टोपी काढून ठेवा. बाळ अंगातली उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं. आपल्याकडे टोपडं काढलं की घरभर ओरडा होतो, मला माहीत आहे, पण डॉक्टरही हेच सांगतात.

‘बहीण मेलबर्नला असते, फेब्रुवारीत बाळंतीण होईल. नवजात बाळाच्या मापाचं जाकीट विणून पाठवायचं आहे. पॅटर्नमध्ये एट प्लाय लिहिलंय, इथे मिळत नाही.’ — पुणे

एट प्लाय म्हणजे डीकेच, ऑस्ट्रेलियात तसं म्हणतात. आपल्या कुठल्याही दुकानात मिळेल. ऑस्ट्रेलियन पॅटर्नमध्ये सुया बहुतेक मिमीतच देतात, ते बरं असतं. पण माप बदला. फेब्रुवारीत मेलबर्नला उन्हाळा आहे. थंडी जून ते ऑगस्ट, तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असेल. सहा महिन्यांचं माप विणा, थोडं सैल झालं तर बाही दुमडता येते. नवजात मापाचं काहीतरी हवंच असेल तर पातळ सुती दुपटं पाठवा.

‘इथे मुंबईत बाळाला लोकर टोचते, घामोळं येतं. पॅटर्नमध्ये शुद्ध मेरिनो लिहिलंय. ॲक्रिलिकचं केलं तर?’ — गोरेगाव

खुशाल करा. आपण ज्याला लोकर म्हणतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिकच असते. धुवायला सोपी, आटत नाही. एक काळजी घ्या. पॅटर्नच्या शेवटी ‘ओलं करून इस्त्रीने आकार द्या’ असं असतं, ते मेरिनोसाठी आहे. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवलीत तर धागा वितळून चप्पट होतो आणि पुन्हा फुलत नाही. ओलं करून टॉवेलवर सपाट पसरून वाळवा, तेवढं पुरे. मुंबईपुरतं विचाराल तर सुती धाग्याचं जाकीट एसीच्या गाडीत आणि दवाखान्यात जास्त वापरलं जाईल. सुती धागा लवचीक नसतो, म्हणून बॉर्डरला एक नंबर बारीक सुई घ्या, नाहीतर ती लोंबते. आपल्या पद्धतीने बारीक, म्हणजे ८ ची ९.

‘आमच्या बचत गटातल्या बायका फुकट पॅटर्नवरून जाकिटं करून विकू इच्छितात. चालेल का? आणि तुम्ही तो पॅटर्न मराठीत छापाल का?’ — सांगली

छापणार नाही. फुकट आहे तो वापरायला. मजकूर आणि फोटो लिहिणारीच्या मालकीचे राहतात, आणि भाषांतर करून छापायला तिची परवानगी लागते. पॅटर्नच्या प्रती काढून गटात विकणं किंवा आपल्या नावावर वाटणं हेही नको. स्वतःसाठी डायरीत उतरवून घेणं वेगळं.

तयार जाकिटं विकण्याचं म्हणाल तर प्रत्येकीची अट निराळी असते. बऱ्याच जणी हाताने केलेल्या थोड्या वस्तू विकायला हरकत घेत नाहीत, काही जणी स्पष्ट नाही म्हणतात. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नसेल तर दोन ओळींची ईमेल करा. उत्तर येतं, आणि बरेचदा आनंदाने येतं. पण मला विचाराल तर गटाने स्वतःचं साधं जाकीट बसवावं. सुलट-उलट वीण, बॉर्डर, गळ्यापासून खाली उतरणारी रॅगलन बाही, या गोष्टी कुणा एकीच्या नाहीत. तुमच्या गटात दहा बायका आहेत, दहा बाळं मोजायला मिळतील. ती मापं कुठल्याही उतरवलेल्या पॅटर्नपेक्षा तुमच्या गिऱ्हाइकाला जास्त बसतील.

‘रेल्वेतून निवृत्त आहे, वय ७०. नातीसाठी मीच विणावं असं मनात आलं. सौ. हसते. टाके घालणं आणि सुलट विणणं एवढंच शिकलोय. कुठला पॅटर्न घेऊ?’ — नागपूर

दादा, तेवढं शिकलात तर जाकिटाला पुरेसं आहे. सगळ्या ओळी सुलट असलेला पॅटर्न शोधा, इंग्रजीत त्याला ‘गार्टर स्टिच’ म्हणतात. त्यात कड गुंडाळत नाही, म्हणून वेगळी बॉर्डर लागत नाही. ओळी मोजायलाही सोपं. दोन ओळींचा एक उंचवटा होतो, उंचवटे मोजायचे आणि दुप्पट करायची. तुम्ही वेळापत्रकात मुरलेले, हे काम तुम्हाला सौ.पेक्षा चांगलं जमेल.

पाठीपासून सुरुवात करू नका, एका बाहीपासून करा. काम लहान असतं आणि मापाचा चौकोन वेगळा विणायला नको. चारेक इंच झाली की टाके मोजा, माप जुळलं तर पुढे चला, नाही जुळलं तर उसवण्यात फारसं काही जात नाही. सुया ४ मिमीच्या, लोकर फिक्या रंगाची. पहिल्या खेपेला चारचौघांत टाके सुटतील, सुटू देत. सुटलेल्या टाक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवायची म्हणजे तो खाली घसरत नाही, मग सौ. हसून झाल्या की त्यांच्याकडून उचलून घ्यायचा. नागपूरची थंडी फेब्रुवारीत ओसरते. माप पुढच्या हिवाळ्याचं धरा म्हणजे घाई नको.

‘काजं उजव्या पट्टीला की डाव्या? बाळ अजून यायचंय.’ — बेळगाव

रिवाज असा की मुलीच्या जाकिटाला काजं उजव्या भागात, मुलाच्या डाव्या भागात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगायला बंदी आहे, तेव्हा आधी ठरवण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही पट्ट्यांत समोरासमोर काजं घाला. धागा, २ एकत्र, एवढंच एक काज. बटणं लावूच नका. बाळ आल्यावर नको त्या बाजूच्या काजांवरच बटणं शिवून टाका, भोक झाकलं जातं. घरात कुणी ‘बाळ यायच्या आधी तयार कपडा नको’ म्हणत असेल तर त्यांनाही सांगता येतं की बटणं राहिलीत, जाकीट अजून अपुरं आहे.